शिरूर-दौंडच्या बागायतीतील इंधन : कोळशाकडून उन्हाकडे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, पर्जन्यछायेत येणारे तालुके होत. वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. असे असूनही भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठाने ऊस, कांदा, डाळिंब, भाजीपाला आणि दुभत्या जनावरांचा हिरवा चारा यांची बागायत उभी आहे. शिरूरला घोड व चासकमान प्रकल्पांच्या कालव्यांचा आणि दौंडला खडकवासला प्रकल्पाच्या मुठा उजव्या कालव्याचा आधार आहे. तरीही पिकाला मिळणाऱ्या पाण्यापैकी बराच मोठा भाग नदीतून, विहिरीतून किंवा कूपनलिकेतून उचलूनच आणावा लागतो.

पाणी उचलायचे म्हणजे शक्ती लागते. मोटेच्या काळात ती बैलांकडून, म्हणजे पर्यायाने शेतातल्या चाऱ्यातून मिळत असे. पुढे ऑइल इंजिने आली आणि त्यानंतर विजेच्या मोटारी. बटण दाबले की पाणी येते, धूर नाही, आवाज नाही. त्यामुळे विजेची मोटार स्वच्छ असते असा सर्वसाधारण समज झाला. दौंड जंक्शनची गोष्टही अशीच आहे. जुन्या लोकांना कोळशाच्या इंजिनांचा धूर आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कच आठवत असेल. आज गाड्या विजेवर धावतात, दौंडचा धूर गेला. पण ती वीज ज्या औष्णिक केंद्रात तयार होते तेथील धुरांडे चालूच आहे. शेतीपंपाचा धूरही असाच आपल्या बांधावरून उचलून दुसऱ्याच्या गावात नेऊन ठेवलेला आहे.

एका पाळीला किती कोळसा?

हा हिशेब प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी मांडून पाहावा. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने चालत असताना तासाला सुमारे साडेचार युनिट वीज घेते. आठ तासांच्या एका पाळीत ३६ युनिट झाले. कोळशावरील केंद्रात एक युनिट वीज तयार करण्यासाठी आपल्याकडील कोळसा साधारण ७०० ग्रॅम लागतो. म्हणजे एका पाळीसाठी सुमारे २५ किलो कोळसा जळतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीच्या निम्म्याहून जास्त! तारांमधून वीज येताना होणारी गळती यात धरलेली नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे या २५ किलोतून आठ-दहा किलो राख मागे राहते. शिवाय सुमारे ३५ किलो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) हवेत जातो. वर्षात अशा दीडशे पाळ्या धरल्या तर एका मोटारीमागे पावणेचार टन कोळसा होतो.

महाराष्ट्रात जलविद्युत, पवन व सौर वीजही तयार होते. तेव्हा आपल्या मोटारीला मिळणारे प्रत्येक युनिट कोळशाचेच असते असे नाही. परंतु मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे आणि रात्रीच्या पाळीत तर सूर्य नसल्यामुळे तो आणखी वाढतो. डिझेल इंजिन वापरणाऱ्यांचा हिशेब अधिक सरळ आहे. पाच अश्वशक्तीचे इंजिन ताशी एक-सव्वा लिटर डिझेल घेते आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो.

कोळशाच्या विजेला पाणीही लागते, ही बाब शेतकऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. वाफ थंड करण्यासाठी लागणाऱ्या पाण्याबाबत २०१५ साली केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना घालून दिलेली मर्यादाच युनिटमागे साडेतीन लिटर इतकी आहे. बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. म्हणजे दुष्काळ पडला की विहिरीचे पाणी आटते, आणि ते उपसणारी वीजही त्याच कारणाने अडचणीत येते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, एकलहरे, भुसावळ अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. त्यांच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना पिकावर बसणारी राख, गंधकयुक्त धूर आणि राखेच्या तलावांतून झिरपणारे पाणी यांचा त्रास सोसावा लागतो. तेही आपल्यासारखेच शेतकरी आहेत, एवढे लक्षात असू द्यावे.

कर्बवायूचा परिणाम मात्र सर्वांनाच भोगावा लागतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू जमिनीची उष्णता अडवून धरतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पिकाची पाण्याची गरज वाढते, आणि पाऊस येतो तेव्हा तो थोड्या वेळात जास्त कोसळण्याचा संभव वाढतो. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, एरवी टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांत, बारामती-दौंड भागात अतिवृष्टी होऊन शेतांत पाणी उभे राहिले. एका पावसाचा दोष सरळ कोळशावर ठेवणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि असे अवेळी आणि एकदम कोसळणारे पाऊस वाढत जातील, असेच हवामानशास्त्र सांगते.

गुऱ्हाळाचे चुलवाण

मोटारीचा कोळसा दूर कोठे तरी जळतो, पण गुऱ्हाळाचा धूर मात्र आपल्याच शिवारात असतो. दौंड तालुक्यात केडगाव परिसर आणि राहू बेटात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. गुऱ्हाळ हा मुळात खनिज इंधन अजिबात न लागणारा उद्योग आहे. उसाचा रस काढायचा, राहिलेले चिपाड वाळवायचे आणि त्याच चिपाडावर रस आटवायचा. ऊस वाढताना जेवढा कर्बवायू हवेतून घेतो तेवढाच चिपाड जळताना परत जातो, नवी भर पडत नाही. आज ज्याला नूतनीक्षम ऊर्जा असे मोठे नाव दिले जाते ती आपल्या आज्या-पणज्यांच्या गुऱ्हाळात होतीच.

गेल्या काही वर्षांत मात्र काही गुऱ्हाळांच्या चुलवाणांत प्लॅस्टिकचा कचरा, जुने टायर, चपला-बुटांचे तुकडे जाळले जात असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांकडून वारंवार झाल्या आहेत. असे का होते हे समजून घेतले पाहिजे, कारण नुसती ओरड करून ते थांबणार नाही.

शंभर किलो उसापासून गुऱ्हाळाच्या चरकावर साधारण ६० ते ६५ किलो रस निघतो आणि त्यापासून दहा-बारा किलो गूळ होतो. याचा अर्थ पन्नास किलोच्या आसपास पाण्याची वाफ करावी लागते. त्याच उसाचे जे चिपाड राहते ते चांगले वाळवले तर ही वाफ करण्यास पुरते, पण फार शिल्लक राहत नाही. ताज्या चिपाडात निम्मे पाणीच असते. ते तसेच चुलवाणात घातले तर त्यातील पाणी उडवण्यातच आच खर्च होते. वाळलेल्या चिपाडातून किलोमागे ओल्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता मिळते. पूर्वी गुऱ्हाळ हिवाळ्यातील चार महिने चाले, चिपाड उन्हात पसरायला जागा व वेळ असे. आता अनेक गुऱ्हाळे जवळपास वर्षभर चालतात. पावसाळ्यात चिपाड वाळत नाही, वाळवायला जागा व मजूर लागतात, आणि चिपाडाला बाहेर गिऱ्हाईक मिळाले तर ते विकूनही टाकले जाते. मग जे स्वस्त मिळेल ते चुलवाणात जाते.

प्लॅस्टिक आणि टायरचे कृत्रिम रबर ही खनिज तेलापासूनच बनतात. तेव्हा चुलवाणात प्लॅस्टिक जाळणे म्हणजे घट्ट केलेले खनिज तेल जाळणेच होय. किंबहुना तेलापेक्षाही वाईट. टायरमध्ये गंधक व जस्त असते. पीव्हीसीच्या पाइपात व चपलांत क्लोरीन असते, त्यापासून जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तयार होतो. अर्धवट जळणाऱ्या भट्टीत डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्येही तयार होतात. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. धुराबरोबर ती गवतावर व चाऱ्यावर बसतात, जनावराच्या पोटात जातात आणि दुधातून बाहेर येतात. शिरूर-दौंडमध्ये दुधाचा धंदा किती घरांचा आधार आहे हे वेगळे सांगावयास नको. काजळी पानांवर बसून त्यांना मिळणारा प्रकाश कमी होतो, हे भाजीपाला व डाळिंब बागायतदारांनी स्वतः पाहिले असेल. उघड्या काहिलीत शिजणारा गूळ या धुरापासून अलिप्त राहील असे मानणेही कठीण आहे. टायर जाळलेल्या चुलवाणाची राख शेतात कदापि टाकू नये. चिपाडाची राख पालाशयुक्त, उपयोगी असते. टायरची राख धातूंनी भरलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. पहिला म्हणजे चिपाडासाठी पत्र्याची शेड. उन्हाळ्यात वाळवलेले चिपाड पावसाळ्यासाठी साठवले तर बाहेरचे इंधन घेण्याची वेळच येत नाही. दुसरा उपाय चुलवाणाच्या रचनेचा. एकाच काहिलीच्या भट्टीतून तापलेला धूर तसाच धुरांड्यातून निघून जातो. त्याच्या वाटेवर दुसरी काहील बसवली की तेथे ताजा रस फुकटात गरम होतो आणि चिपाड वाचते. भट्टीत लोखंडी जाळी, खालून हवा येण्यास पुरेशी वाट आणि पुरेसे उंच धुरांडे असावे. सुधारित चुलवाणाची माहिती महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातून घ्यावी. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यानेही आपला ऊस कोणत्या इंधनावर शिजतो हे गुऱ्हाळमालकाला विचारले पाहिजे. भाव विचारतो तसे हेही विचारावे.

साखर कारखान्यांतही चिपाडच जळते, तेथे त्याला बगॅस म्हणतात. एक टन उसातून सुमारे ३०० किलो बगॅस निघते. जास्त दाबाच्या बॉयलरवर त्यापासून शंभराच्या आसपास युनिट वीज तयार होऊ शकते. ही वीज गाळप हंगामातच मिळते ही तिची मर्यादा आहे.

रात्रीची पाळी

शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशी देण्यात येत आली. मध्यरात्री बारी द्यायला जाणे म्हणजे काय हे या दोन तालुक्यांतील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. साप-विंचू, ओल्या हाताने हाताळलेले स्टार्टर, आणि आता बिबट्या. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात मोडतो. उसाच्या फडात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात दोन मुलांसह तिघांचा बळी गेला. दिवसा वीज मिळाली म्हणजे बिबट्या निघून जाईल असे नव्हे, तो दिवसाही हल्ला करतो. पण अंधारात बॅटरी घेऊन एकट्याने फडात शिरण्याची पाळी टळेल, हे थोडे नाही. रात्रीच्या पाळीत आणखी एक नुकसान होते. ऑटो स्विच लावून शेतकरी घरी झोपतो, वीज येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू होते आणि सरी भरून पाणी ओढ्याला लागले तरी चालूच राहते. ते पाणी आणि तो कोळसा, दोन्ही ओढ्यातच जातात.

सूर्याची वीज दिवसाच मिळते. कारखान्यांना व शहरांना हा तिचा दोष वाटतो. शेतकऱ्याला मात्र नेमके तेच हवे आहे, आणि पाणी साठवता येत असल्यामुळे वीज साठवण्याची त्याला गरज नाही.

दोन मार्ग

सौर विजेकडे वळण्याचे शेतकऱ्यापुढे दोन मार्ग आहेत. ज्यांच्याकडे महावितरणची जोडणी नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र सौर पंप. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली आणि राज्यात सप्टेंबर २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना राबविण्यात आली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत तीन, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप असे प्रमाण ठेवण्यात आले. अर्ज करताना त्या वेळी लागू असलेले नियम तालुक्याच्या महावितरण कार्यालयातून पाहून घ्यावेत.

ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांचा मार्ग वेगळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. तिची सुरुवात शिरूरच्या शेजारी, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. यात शेतकऱ्याने काहीच बसवायचे नसते. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारला जातो आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा मिळते. एक मेगावॅटच्या प्रकल्पाला सुमारे चार एकर जागा लागते आणि भर उन्हात त्यावर पाच अश्वशक्तीचे दोनशेच्या आसपास पंप एकाच वेळी चालू शकतात. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ असा दर ठरविण्यात आला. माळरान व मुरमाड जमिनीसाठी हा दर चांगला आहे. एकरी पन्नास हजार रुपये कोणत्याही माळाने आजवर दिलेले नाहीत. मात्र कालव्याखालची काळी जमीन पंचवीस-तीस वर्षांसाठी पॅनेलखाली घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. करारावर सही करण्यापूर्वी तो जाणकार वकिलाकडून वाचून घ्यावा.

राज्याने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली असून जाहीर मुदत मार्च २०२९ पर्यंतची आहे. तेव्हा सौर पंप कशासाठी, असा प्रश्न काही शेतकरी विचारतात. बिलापुरते पाहिले तर तो रास्त आहे. पण मोफत वीज कोणत्या वेळी येते, किती दाबाने येते आणि रोहित्र जळाल्यास किती दिवसांनी बदलले जाते, हेही हिशेबात धरावे लागते.

सौर पंप किती पाणी देईल?

सौर पंप घेतलेल्या शेतकऱ्यांची मुख्य तक्रार ‘पाणी कमी येते’ अशी असते, आणि ती खोटी नाही. पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाचे पॅनेल पाच किलोवॅटच्या आसपास असतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यातून वीस-बावीस युनिट मिळतात. विजेच्या मोटारीची आठ तासांची पूर्ण पाळी ३६ युनिटांची असते हे आपण वर पाहिले. म्हणजे पूर्ण पाळीच्या तुलनेत सौर पंपाचे पाणी कमी भरणारच. फरक एवढाच की हे पाणी जवळजवळ दररोज आणि दिवसा मिळते.

स्थूलमानाने, एकूण उचल ३० मीटर म्हणजे सुमारे शंभर फूट असेल तर असा पंप उन्हाच्या दिवशी एक लाख लिटरच्या आसपास पाणी देईल. उचल दुप्पट झाली की पाणी निम्मे. तीनशे फुटांच्या कूपनलिकेतून तेहतीस हजार लिटरच मिळतील. एकूण उचल मोजताना विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून शेतापर्यंतचा चढ, पाइपातील घर्षण आणि ठिबकसाठी लागणारा दाब हे सारे धरावे. ठिबकचा दाब म्हणजेच आणखी दहा-पंधरा मीटरची उचल होय. उन्हाळ्यात ठिबकवरील उसाला एकरी रोज २५ ते ३० हजार लिटर पाणी लागते. यावरून आपला पंप किती एकर भिजवेल याचा अंदाज पंप घेण्यापूर्वीच काढता येतो. विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा अंदाज अधिक विश्वासाचा असतो.

दुसरी अडचण पाण्याच्या धारेची. सकाळी नऊला धार बारीक, दुपारी जोरात, चारनंतर पुन्हा बारीक. लांब सरीत सकाळचे बारीक पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, मध्येच जिरते. म्हणून सौर पंपाखाली मोकाट पाणी देण्याची पद्धत सोडावी. शेताच्या उंच बाजूस शेततळे किंवा टाकी करून दिवसभर त्यात पाणी सोडावे व तेथून द्यावे. ठिबक थेट जोडायचा असल्यास शेताचे लहान भाग पाडावेत आणि दाब चांगला असताना, म्हणजे दहा ते तीनच्या दरम्यान, एकेक भाग भिजवावा.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. आपल्या भागात त्यांचा वर्षभराचा कल १८ ते २० अंश ठेवावा. कल बदलण्याची सोय असल्यास उन्हाळ्यात तो कमी व हिवाळ्यात जास्त करावा. जांभूळ-लिंबाची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडलेल्या साऱ्या ओळीची वीज उतरते. धूळ आणि काजळी आठवड्यातून एकदा, पहाटे पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने धुवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, काच तडकण्याचा धोका असतो. गुऱ्हाळाच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शेतकऱ्यास हे काम जास्त वेळा करावे लागेल. पाया कमी खोल घेतलेले सांगाडे वळवाच्या वादळात उलटतात. म्हणून बसवणारे लोक काँक्रीट भरत असताना शेतकऱ्याने स्वतः समोर उभे राहावे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विम्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

कमी उपसा हेही इंधनच

मोटार न चालवता जे पाणी वाचते त्याला ना कोळसा लागतो ना ऊन. खोडव्यातील पाचट जाळण्याची प्रथा अजून गेलेली नाही. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि त्यात अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र काडी लावून हवेत सोडले जाते. पाचट सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. बाष्पीभवन घटल्याने पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि खोडव्याच्या खतातही बचत होते.

खताचा संबंध खनिज इंधनाशी थेट आहे. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यातील बराच वायू आपण परदेशातून आणतो. जास्तीचा दिलेला युरिया जमिनीत विघटित होऊन नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. तो उष्णता अडवण्यात कर्बवायूच्या २७३ पट प्रभावी आहे. माती परीक्षणाप्रमाणे, ठिबकमधून हप्त्याहप्त्याने युरिया देणे सर्वांत चांगले. चार-पाच जनावरे असलेल्या घरी रोजच्या ५० किलो शेणावर दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो. त्यातून महिन्याला सुमारे दीड सिलिंडरइतका गॅस मिळतो आणि स्लरी शेतालाच परत जाते. टाकीच्या तडा वेळीच बुजवाव्यात, कारण गळणारा मिथेन वायू कर्बवायूहून कितीतरी घातक असतो.

विहिरीची पातळी

उन्हाचे बिल येत नाही, यातच एक मोठा धोका आहे. आपल्याकडील जमिनीखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून येते, अमर्याद नाही. डिझेलच्या खर्चाने किंवा भारनियमनाने उपशाला आपोआप जो लगाम बसत असे तो सौर पंपाने सुटतो. सकाळपासून सायंकाळपर्यंत रोज पंप चालला आणि त्या भरवशावर उसाचे क्षेत्र वाढवले, तर मार्चमध्येच विहीर तळ गाठेल. मग कूपनलिका घ्यायची, उचल वाढणार, आणि वर दाखविल्याप्रमाणे तेच पॅनेल निम्मे पाणी देणार. सौर पंप घेतल्यानंतर उसाचे क्षेत्र वाढवू नये. उलट ते ठिबकखाली आणून वाचलेल्या पाण्यावर कांदा, हरभरा किंवा चारापीक घ्यावे. पाणी शिल्लक असता पंप बंद ठेवण्यास मन होत नसेल, तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी चालविण्याची सोय असलेला नियंत्रक काही पंपांना बसवता येतो, त्याची चौकशी करावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. शेतकऱ्यानेही याच महिन्यांत, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी, दोरीला वजन बांधून आपल्या विहिरीची पातळी मोजावी आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावी. ऑक्टोबरमधील पातळी मागील वर्षीपेक्षा खाली असल्यास त्या हंगामात उसाची नवीन लागण करू नये. मार्चची पातळी पाहून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवावे.